गोळ्या, हायपो, दाणे की मीठ? सिन्नरचा स्विमिंग पूल आणि दापोलीचा

एकाच विक्रेत्याकडून, एकाच दिवाळीत, क्लोरीनच्या गोळ्यांचे पन्नास-पन्नास किलोचे दोन ड्रम घेतले. एक सिन्नरजवळ माझ्या घरी आला, दुसरा दापोलीला धाकट्या बहिणीकडे गेला. दोन्ही पूल साधारण सारखेच, ८ बाय साडेचार मीटर, सरासरी खोली १.४ मीटर, म्हणजे धरून चाला ५०,००० लिटर पाणी. विक्रेत्याने दोघांनाही एकच मंत्र दिला: दोन दिवसांना एक गोळी, विसरून जा.

बहिणीचा पूल होळीपर्यंत बिघडला. पाणी काचेसारखं स्वच्छ, पण टाइलच्या सांध्यावरून बोट फिरवलं की सिमेंट रेतीसारखं हाताला यायचं. माझा मात्र दीड वर्ष छान चालला आणि दुसऱ्या मे महिन्यात, पाहुणे यायच्या चार दिवस आधी, पोपटी झाला. टेस्ट किट क्लोरीन भरपूर दाखवतंय आणि पायऱ्यांवर शेवाळ!

पहिला पूल बांधून झालेला असतो, ठेकेदार विचारतो "गोळ्या टाकायच्या की मिठाचं मशीन बसवायचं?", तेव्हा आपण किंमत विचारतो. आधी विचारायला हवं ते पाण्याबद्दल. बोअरचं की विहिरीचं, त्यात काय आहे, आणि पावसाळ्यात पूल किती वेळा भरून वाहतो.

गोळ्या

या गोळ्या टीसीसीएच्या, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक अ‍ॅसिडच्या; त्यांत ९० टक्के क्लोरीन मिळतं. दोनशे ग्रॅमची एक गोळी ५०,००० लिटरमध्ये साधारण साडेतीन पीपीएम (म्हणजे लिटरला साडेतीन मिलिग्रॅम) क्लोरीन देते, तेही हळूहळू. आठवडाभर घरी नसलात तरी तरंगत्या डब्यात दोन-तीन गोळ्या टाकून जाता येतं. या सोयीला तोड नाही, हे मी आजही म्हणतो.

पण गोळी दोन गोष्टी सोबत आणते. एक म्हणजे आम्लता. दुसरी म्हणजे सायन्युरिक अ‍ॅसिड, ज्याला दुकानात स्टॅबिलायझर म्हणतात. हे स्टॅबिलायझर थोडं हवंच. ते नसेल तर दुपारच्या उन्हात दोन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातं. ३० ते ५० पीपीएम असलं की काम भागतं. पण १० पीपीएम क्लोरीनमागे गोळी ६ पीपीएम स्टॅबिलायझर सोडते, आणि ते उन्हाने उडत नाही, क्लोरीनसारखं खर्चही होत नाही. पाणी बाहेर गेलं तरच ते जातं. साठत साठत इतकं होतं की क्लोरीन त्याला बांधून पडतं. किटमध्ये आकडा दिसतो, शेवाळाला मात्र त्याची फिकीर नसते.

माझं किती साठलं होतं ते मोजायला एक काळ्या ठिपक्याची नळी मिळते. पाण्यात पावडर घातली की ते दुधाळ होतं. मग नळीत हळूहळू ओतत राहायचं, ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि आकडा वाचायचा. माझ्या नळीत तळाला जेमतेम पाणी पडलं आणि ठिपका गायब. अर्धं नळाचं पाणी मिसळून पुन्हा केलं तेव्हा ९० आलं. म्हणजे मूळ १८०. उपाय एकच, दोन तृतीयांश पाणी काढून टाकणं. मे महिन्यात, सिन्नरला! गावात त्या आठवड्यात टँकरच्या वेळेवरून भांडणं चालली होती. मला कोणी काही बोललं नाही, पण तिन्ही टँकर मी अंधार पडल्यावर गेट लावून रिकामे करून घेतले.

आता दापोली. तिकडे वर्षाला तीन मीटरच्या वर पाऊस पडतो. १.४ मीटर खोल पूल उघडा ठेवला तर चार महिन्यांत तो दोनदा भरून वाहण्याइतकं पाणी वरून येतं, आणि आधीचं जे काही विरघळलेलं असेल त्यातलं दहा-पंधरा टक्केच मागे उरतं. बहिणीने ऑक्टोबरमध्ये तीच नळी वापरली, काठोकाठ भरली तरी ठिपका दिसतच होता. म्हणजे ज्या गोष्टीने माझा पूल बुडवला ती तिच्याकडे पाऊस फुकटात धुऊन नेतो.

मग तिचं काय बिघडलं? आम्लता. तिच्या विहिरीचं पाणी जांभ्यातलं, अगदी मऊ. अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद, ४० पीपीएम आणि हार्डनेस, म्हणजे कॅल्शियमचा जडपणा, ७०. हव्यात अनुक्रमे ८० ते १२० आणि २०० ते ४००. एवढ्याशा अल्कलिनिटीला दर दोन दिवसांची गोळी खाऊन टाकते, पीएच ७ च्या खाली घसरतो, आणि भुकेलं पाणी टाइलच्या सांध्यातला चुना चाटायला लागतं. स्टीलच्या शिडीवर तांबूस डाग पडले ते वेगळेच. माझं बोअरचं पाणी याच्या बरोबर उलटं, अल्कलिनिटी ३०० च्या आसपास. तिथे गोळीची आम्लता औषधासारखी लागू पडत होती, दीड वर्ष मी अ‍ॅसिडचा कॅन उघडलाही नाही. म्हणजे एकाच गोळीचा गुण इकडे आणि दोष तिकडे, आणि दुसऱ्या बाबतीत नेमकं उलटं.

हायपो

निळ्या कॅनमधलं द्रव क्लोरीन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, सगळे त्याला हायपोच म्हणतात. स्टॅबिलायझर नाही, कॅल्शियम नाही, मागे उरतं ते थोडंसं मीठ. स्वस्तही आहे. ताजा माल १० टक्क्यांच्या आसपास असेल तर माझ्या पूलला अर्धा लिटर टाकल्यावर १ पीपीएम वाढ होते. ऊन उतरल्यावर रोज लिटरभर, पंप चालू ठेवून, पाणी आत येतं त्या तोंडाशी सावकाश ओतायचं.

कटकट दोन आहेत. एक म्हणजे रोज कोणीतरी हवं. दुसरी म्हणजे कॅनमधला माल बसल्या जागी मरतो, पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात तर झपाट्याने. लेबलवर विश्वास ठेवू नका. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजा, दोन लिटर ओता, तासाभराने पुन्हा मोजा. ५०,००० लिटरला वाढ चारची हवी. दोनची आली तर कॅन निम्मा मेलेला आहे. मी हे विक्रेत्यासमोर एकदा करून दाखवलं, त्यानंतर मला नेहमी ताजा माल येतो.

सिन्नरसारख्या जड पाण्याला हायपो घेतलं की अ‍ॅसिडही आलंच, कारण अशा पाण्याचा पीएच आपोआप ८ च्या वर सरकत राहतो. हिशेब सोपा आहे: ५०,००० लिटरमध्ये लिटरभर अ‍ॅसिड, ३०-३२ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक, अल्कलिनिटी १० ने उतरवतं. एका दिवशी दोन लिटरच्या वर मी टाकत नाही. बादलीत आधी पाणी घ्यायचं, मग त्यात अ‍ॅसिड, उलट कधीच नाही. आणि हायपोचा मापाचा मग वेगळा, अ‍ॅसिडचा वेगळा. दोन्ही एकत्र आले की जो वायू निघतो तो घसा आणि फुफ्फुसं जाळतो.

दाणे

कॅल्शियम हायपोक्लोराइट, ६५ ते ७० टक्के, पांढरे दाणे. १० पीपीएम क्लोरीनमागे हार्डनेस ७ पीपीएमने वाढवतात. माझ्याकडे हार्डनेस मुळातच ४५०, त्यात उन्हाळ्यात रोज उडालेल्या पाण्याच्या जागी तेच बोअरचं पाणी भरायचं, म्हणजे उरलेला क्षार साचतच जातो. त्यावर हे दाणे म्हणजे टाइलवर पांढरी पुटं चढवायला आमंत्रण. दापोलीत मात्र पाण्याला कॅल्शियमची भूकच आहे. चार-पाच महिन्यांत ७० चे अडीचशे होतात, सांधे टिकतात, वेगळं कॅल्शियम क्लोराइड विकत घ्यावं लागत नाही.

ब्लीचिंग पावडर कोणी सुचवली तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. त्यात क्लोरीन निम्म्याने कमी आणि बाकी चुन्याचा गाळ. ग्रामपंचायतीच्या विहिरीला ती ठीक आहे.

एक गोष्ट मात्र ठळक अक्षरांत शेडच्या दारावर लिहून ठेवण्यासारखी आहे. दाणे आणि गोळ्या कोरड्याने कधीही एकत्र येता कामा नयेत. एकाच डब्यात नाही, एकाच चमच्याने नाही, गोळ्यांच्या तरंगत्या डब्यात तर अजिबात नाही. आग लागते, स्फोट होतो. बहिणीकडचा माळी दोन्ही ड्रम शेजारी ठेवायला निघाला होता. आता तिच्याकडे नियम आहे: एक ड्रम संपून धुऊन बाहेर गेल्याशिवाय दुसरा आत येत नाही.

मिठाचं मशीन

"मिठाच्या पूलमध्ये क्लोरीन नसतं" हे विकणाऱ्यांचं लाडकं वाक्य साफ खोटं आहे. मशीन मिठापासून क्लोरीनच बनवतं, फक्त तुमच्याच पूलमध्ये आणि रोज थोडं थोडं. पाणी डोळ्यांना मऊ लागतं हे खरं. समुद्राच्या मानाने मीठ दहाव्या हिश्श्याइतकंच, ३,००० पीपीएमच्या आसपास, म्हणजे आपल्या मापाच्या पूलला सुरुवातीला दीडशे किलो. स्टॅबिलायझर एकदा घालावं लागतं, पीएच चढत राहतो म्हणून अ‍ॅसिड लागतंच.

मी दोनदा कोटेशन घेतलं, दोनदा परत ठेवलं. माझ्या पाण्यात सेलच्या, म्हणजे जिथे क्लोरीन बनतं त्या भागाच्या, पट्ट्यांवर क्षार चढणार आणि दर काही आठवड्यांनी अ‍ॅसिडने धुवावी लागणार. सेल हाच त्या मशीनमधला महाग भाग, काही वर्षांनी बदलावा लागतोच. दापोलीत पाऊस ते दीडशे किलो मीठ दरवर्षी परसात वाहून नेणार, वर वीज कधी असते कधी नसते, आणि पूलभोवती जांभ्याची फरशी. सच्छिद्र दगडात मीठ शिरून वाळलं की तो भुगा व्हायला लागतो. ज्याचं पाणी मऊ, पाऊस बेताचा, वीज भरवशाची आणि घरात माणूस कायम राहतो, त्याने मात्र आधी याच मशीनचा विचार करावा.

आता आम्ही काय करतो

सिन्नरला बारा महिने हायपो. स्टॅबिलायझर ४० ला ठेवलंय, म्हणून क्लोरीन ३ च्या आसपास. गावाला जाताना तेवढ्यापुरत्या दोन-तीन गोळ्या, वर्षाला फार तर डझनभर.

दापोलीला दिवाळी ते संक्रांत गोळ्या. पावसाने धुतलेल्या पाण्याला स्टॅबिलायझर हवंच असतं, ते गोळ्यांतून आपसूक येतं, आणि थंडीत खप कमी असल्याने तीन महिन्यांत पन्नाशीच्या आत राहतं. आम्लतेवर उतारा म्हणजे खाण्याचा सोडा: ५०,००० लिटरला ८४० ग्रॅम टाकला की अल्कलिनिटी १० ने वाढते. तिने पहिल्या वेळी सव्वाचार किलो टाकून ४० चे ९० केले, किराणा दुकानदाराने विचारलं ढोकळ्याची ऑर्डर आहे का. संक्रांतीनंतर ड्रम बदलून दाणे, थेट पावसापर्यंत.

किट घेताना क्लोरीनचं पाणी पिवळं करणारं स्वस्त किट घेऊ नका. ते मोकळं आणि घाम-मळाशी बांधलेलं क्लोरीन एकत्रच दाखवतं. गुलाबी रंग देणारं, डीपीडीचं घ्या. आणि पीएचचा थेंब टाकल्यावर लालऐवजी जांभळा रंग आला तर तो पीएच नव्हे, क्लोरीन फार झालंय. एक दिवस थांबून पुन्हा बघा. बहिणीने पीएच चढलाय समजून त्या जांभळ्या रंगावर दोन लिटर अ‍ॅसिड ओतलं होतं.