आमच्या वॉर्डातलं बूथ ४ स्टार, पोलीस ठाणं २ स्टार

जळगाव जिल्ह्यातला तालुका आहे एवढंच सांगतो, ठाण्याचं नाव टाकत नाही कारण पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला तिथेच जायचंय भो.

आधी बूथ. २० नोव्हेंबर २०२४, विधानसभा, झेडपी शाळेची खोली. घर बदललं म्हणून फॉर्म ८ भरला होता, तर बीएलओ (वॉर्डाची मतदार यादी सांभाळणारे कर्मचारी), आमच्याकडे अंगणवाडीच्या ताई, स्वतः दारात येऊन बघून गेल्या की माणूस खरंच इथे राहतो का, नंतर चिठ्ठीपण घरपोच, यादी भाग, अनुक्रमांक सगळं त्यावर. रांग होती पण म्हाताऱ्यांना पुढे घेत होते. दारावरचा पोलीस एका कार्यकर्त्याला १०० मीटरच्या रेघेबाहेर काढत होता, "रेघना पलीकडे उभा ऱ्हाय भो", आणि स्वतःही आत डोकावत नव्हता, केंद्राध्यक्षाने बोलावल्याशिवाय त्याला आत जाताच येत नाही. एक स्टार कापला कारण घर एकच आणि बायकोचं नाव भलत्याच भागात, तिची शाळा पार गावाच्या दुसऱ्या टोकाला.

आता ठाणं. एसटीत मोबाइल मारला कुणीतरी. साहेब म्हणे कुठल्या स्टॉपला गेला ते सांगा, मग हद्द ठरेल. आता ते मला माहीत असतं तर चोरच नसता का धरला! दुसऱ्या ठाण्यात पाठवलं, ते म्हणे राहता तिकडे द्या. १ जुलै २०२४ पासून बीएनएसएस, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू आहे, कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र (म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो अशा) गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते, हे सांगितलं तर "वकील आहात का?" शेवटी चोरीचं "गहाळ" करून दाखला दिला.

गंमत म्हणजे हेच ठाणं इलेक्शन आलं की लायसनच्या बंदुका जमा करून घेतं, त्याच कायद्याच्या कलम १२६ च्या, शांतता राखायची हमी मागणाऱ्या नोटिसा रात्री घरी नेऊन देतं, तेव्हा गल्ली न् गल्ली बरोबर सापडते यांना.

दोन स्टार फक्त कॉम्प्युटरवरच्या मॅडमना, त्यांनी त्याच दाखल्यावर सीईआयआर या हरवले-चोरलेले मोबाइल बंद करायच्या सरकारी पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करून दिला. जाताना बिल आणि आयएमईआय नंबर (हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक) घेऊन जा, आणि एफआयआर झालीच तर कॉपी फुकट मिळते, मागून घ्या.

मोबाइल अजून सापडला नाही.