वहीत नोंद नसलेली ट्रायम्फ

गेल्या वर्षभरात हे लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. आता लिहून टाकतोय, कारण मागच्या महिन्यात लेस्टरला राहणाऱ्या एका ओळखीच्या मुलाचा फोन आला. "दादा, एक जुनी स्पोर्ट्स कार मिळतेय. कारखान्याची प्रोटोटाइप आहे म्हणतात, म्हणजे विक्रीआधी बनवलेली नमुन्याची गाडी. बघायला याल का?" त्याला विकणाऱ्याने जे सांगितलं होतं ते ऐकताना अंगावर काटा आला. गाडी वेगळी होती, पण गोष्ट तीच होती, आणि तिच्यापायी मी ३४ हजार पौंड घालवले आहेत. तेव्हाच्या भावाने ३४ लाख रुपये.

मी मूळचा वाळवा तालुक्यातला. सोळा वर्षं कॉव्हेंट्रीत आहे, कास्टिंगच्या क्षेत्रात इंजिनिअर आहे. आमच्या आजोबांकडे करड्या रंगाचा एक फर्ग्युसन ट्रॅक्टर होता. उसाच्या फडाच्या कडेला लावलेला तो ट्रॅक्टर हीच माझी यंत्राशी पहिली ओळख. इथे आल्यावर कळलं की तो आमच्या घरापासून दोन मैलांवर, बॅनर लेनच्या कारखान्यात बनायचा. स्टँडर्ड मोटर कंपनीने तिथे दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनवले. आणि त्याच घराण्याचं इंजिन, स्लीव्ह (सिलिंडरची आतली नळी) काढून बदलता येणारं चार सिलिंडरचं, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास ८३ मिलिमीटरवर आणून १९९१ सीसीचं केलं आणि स्टँडर्डच्याच मालकीच्या ट्रायम्फच्या टीआर२ या स्पोर्ट्स कारमध्ये बसवलं. हे वाचलं त्या दिवसापासून टीआर२ माझ्या डोक्यात बसली. बाबांना फोन करून सांगितलं तर त्यांना किती वेळ खरंच वाटेना.

पुढचं कळायला टीआर२चा थोडा इतिहास सांगावा लागेल. स्टँडर्डचे प्रमुख सर जॉन ब्लॅक यांना एमजीसारखी स्वतःची स्पोर्ट्स कार हवी होती. मॉर्गन कंपनी विकत घ्यायचा त्यांचा प्रयत्न फसला, तेव्हा घरच्याच सामानातून एक गाडी घाईने उभी केली आणि ऑक्टोबर १९५२ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टला मांडली. तिचं नाव २०टीएस. शेपूट आखूड, स्टेपनी मागे उघड्यावर, खाली युद्धाआधीच्या गाडीची डागडुजी केलेली चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा. गाड्यांच्या चाचण्या घेणारे केन रिचर्ड्सन यांनी ती चालवून बघितली आणि ही गाडी जीवघेणी आहे असं तोंडावर सांगितलं. मग त्यांनाच कामाला लावलं. नवी चासी झाली, नवी शेपूट झाली आणि मार्च १९५३ मध्ये जिनिव्हाला टीआर२ उभी राहिली. २० मे १९५३ ला बेल्जियममधल्या याबेके गावाजवळच्या सरळ रस्त्यावर रिचर्ड्सन यांनी एमव्हीसी ५७५ नंबरची टीआर२ ताशी सुमारे २०१ किलोमीटरने पळवली. ती गाडी पुढे बरीच वर्षं विस्मृतीत गेली होती. मग ती सापडली, दुरुस्त झाली आणि पुन्हा रस्त्यावर आली.

ऑक्टोबर ते मार्च, जेमतेम पाच महिने. माझ्या विकणाऱ्याने आपली गाडी नेमकी ह्या पाच महिन्यांच्या फटीत बसवली होती.

तो मला नोव्हेंबर २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या एनईसी प्रदर्शन केंद्रातल्या क्लासिक मोटर शोला भेटला. साठीचा माणूस, मऊ बोलणारा, हाताला ग्रीस. एका टीआरसमोर आम्ही दोघं उभे होतो. मीच बोलायला लागलो. आजोबांचा ट्रॅक्टर, वाळवा, बॅनर लेन, सगळं सांगितलं. तो फक्त ऐकत होता. निघताना म्हणाला, "माझ्याकडे एक गोष्ट आहे, तुला कधीतरी दाखवीन." आठवड्याने त्याचा फोन आला. त्याच्याकडे म्हणे टीआर२च्या चाचणीची गाडी होती, प्रायोगिक विभागातली, एक्सने सुरू होणाऱ्या नंबरची. ती ज्या कामगाराने वाचवून घरी नेली, तो पुढे ट्रॅक्टरच्या कामासाठी हिंदुस्थानात जाऊन आला होता म्हणे.

हे वाक्य मी आजही विसरू शकत नाही. मीच त्याच्या हातात दिलेला धागा होता तो. आठ दिवसांत तो त्याने गाडीच्या कहाणीत विणला आणि मला परत दिला, आणि मला वाटलं की देवानेच योग जुळवून आणला आहे.

गाडी एका शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. ताडपत्री काढली तेव्हा आत रंग उडालेली, सीट नसलेली, एक चाक विटांवर टेकवलेली टीआर२. दारं थेट खालच्या कडेपर्यंत आलेली. जाणकारांना ठाऊक आहे, सुरुवातीच्या टीआर२ अशाच लांब दाराच्या होत्या. उंच फुटपाथला लागून गाडी उभी केली की दार उघडताना खालून घासायचं, म्हणून १९५४ मध्ये दार आखूड करून खाली पट्टी दिली. लांब दार म्हणजे आधीची गाडी. शिवाय चासीला दोन ब्रॅकेट होते जे दुसऱ्या कुठल्याच टीआर२ला मी पाहिले नव्हते. सोबत एक फाइल होती. कारखान्याच्या आवारातला फोटो, त्याच्या मागे पेनाने "जानेवारी १९५३". फेब्रुवारी १९५३ चं कंपनीचं पत्र. आणि बल्कहेडवर, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्यावर, रिव्हेट मारलेली नंबरची पट्टी.

मी इंजिनिअर आहे, प्रश्न विचारले. आणि इथेच ह्या प्रकारच्या फसवणुकीची खरी ताकद आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये ट्रायम्फच्या उत्पादनाच्या नोंदी आहेत. नंबर दिला की गाडी कधी बनली, कुठला रंग होता, कुठलं इंजिन होतं, कुठे पाठवली, याचं प्रमाणपत्र मिळतं. मी म्हटलं, तिथे विचारू. तो म्हणाला, "जरूर विचार, पण तिथे ही सापडणार नाही. त्या वह्या विक्रीच्या गाड्यांच्या आहेत. ही विकायला बनलीच नव्हती." ब्रॅकेट कशाचे? "चाचणीची उपकरणं लावायला." मागचा एक्सल नंतरच्या गाडीचा दिसतो? "कारखान्यातच बदलला असणार, प्रयोगच चालू होते ना." सगळी उत्तरं पटण्यासारखी होती. नेहमीच्या गाडीत जी गोष्ट मेळ न बसणारी म्हणून खटकते, तीच एकुलत्या एका गाडीत तिच्या वेगळेपणाचा पुरावा ठरते. ताडून बघायला दुसरी गाडीच नसते. नोंद मिळाली असती तर ती साधी टीआर२ ठरली असती; मिळाली नाही म्हणून ती प्रोटोटाइप ठरली. मी गेडनला साधा ईमेलही पाठवला नाही.

हॉलंडचा एक गिऱ्हाईक शनिवारी येणार आहे, हेही झालं. ते सगळीकडे असतंच.

सहा हजार इसार दिला, मग जानेवारीत उरलेले २८ हजार बँकेतून पाठवले. घरासाठी साठवलेले पैसे होते. बायकोने विरोध केला नाही, पण तिने एकच गोष्ट विचारली. पावतीवर "ट्रायम्फ टीआर२, दुरुस्तीसाठी, आहे त्या स्थितीत" एवढंच लिहिलं होतं. ती म्हणाली, "प्रोटोटाइप आहे ना? मग तसं लिहिलं का नाही त्याने?" मी तिला सांगितलं की इथे अशीच पद्धत आहे. अशी कुठलीही पद्धत नाही. तो जे जे बोलला त्यातला एक शब्द त्याने कागदावर येऊ दिला नव्हता. फोटो आणि पत्राबद्दलसुद्धा "गाडीसोबत मिळालेली फाइल" इतकंच.

एप्रिलमध्ये ट्रायम्फच्या कॅनलीच्या कारखान्यात उमेदवारी केलेले एक पंचाहत्तरीचे गृहस्थ गाडी बघायला आले. कॅनलीत गाड्या जोडणं १९८० मध्ये थांबलं, पण ह्यांच्या बोटांत तो कारखाना अजून आहे. मी फाइल पुढे केली तर त्यांनी ती बाजूला ठेवली. गुडघ्यावर बसले, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि दाराच्या आतल्या बाजूने, तळापासून चार बोटं वर, अंगठा फिरवला. मग माझा हात धरून तिथे नेला. पुट्टी आणि काळ्या रंगाखाली एक उंचवटा लागत होता, सलग, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांनी तारेचा ब्रश मागितला. दोन मिनिटांत खालून वेल्डिंगची चकचकीत रेघ निघाली. जाडी सगळीकडे सारखी, एकावर एक टेकलेल्या नाण्यांसारखी. मिग वेल्डिंग, यंत्रातून तार आपोआप पुढे येते ते. १९५३ च्या कारखान्यात, एखाद्या पत्राकामाच्या कारागिराने हाताने बनवलेल्या दारात ते असणं शक्य नाही.

आखूड दाराला खालून पत्रा जोडून ते लांब केलं होतं. दाराखालची पट्टी कापून काढली होती, तिची कापलेली कडही सापडली. मग ते चासीखाली गेले. ब्रॅकेटचं वेल्डिंगही तसंच. बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले की गाडी १९५५ च्या सुमाराची आहे, साधी आणि चांगली. अशा अवस्थेत बारा हजारांची. मग एवढंच म्हणाले, "जे जे वेगळं आहे, ते ते नवीन आहे." ते गेल्यावर मी शेडमध्ये बसून राहिलो, किती वेळ ते आठवत नाही.

त्या रात्री फाइल पुन्हा काढली. नोटा तपासायचा निळा दिवा फोटोवर धरला तर कागद पांढराशुभ्र उजळला. साधारण १९५५ नंतरच्या फोटोच्या कागदात बहुधा चमक आणणारी रसायनं असतात, आधीच्या कागदात सहसा नसतात. तरी मनाने शेवटची पळवाट काढली: फोटो नंतर छापलेला असेल. मग पत्र घेतलं. ते मी निदान दहा वेळा वाचलं होतं, पण मजकूर वाचला होता, पत्ता वाचला नव्हता. वर कंपनीचं नाव, कॅनली, कॉव्हेंट्री, आणि पुढे सीव्ही ४ ने सुरू होणारा पोस्टकोड. ब्रिटनमध्ये पोस्टकोडचा पहिला प्रयोगच १९५९ मध्ये नॉरिचला झाला आणि देशभर तो पसरायला १९७४ उजाडलं. १९५३ च्या पत्रावर तो येणार कुठून?

टीआर२च्या चासीवर नंबर कोरलेला नसतो, तो त्या पट्टीवर असतो. चार रिव्हेट उडवले की पट्टी निघते आणि दुसरी बसते. हे मला आधी माहीत होतं. माहीत असूनही मी त्या पट्टीकडे बघून हात जोडले होते.

विकणाऱ्याचा फोन लागेना. नंतर त्याच्या वकिलाचं पत्र आलं: आमच्या अशिलाने गाडी टीआर२ म्हणून विकली आणि ती टीआर२च आहे. बँक म्हणाली की पैसे तुम्ही स्वतः पाठवले, वस्तू तुम्हाला मिळाली, हा दोन व्यक्तींमधला दिवाणी वाद आहे. फसवणुकीची तक्रार नोंदवली आहे, तिचा क्रमांक माझ्याकडे आहे. खोटं सांगून करार करायला लावल्याचा दावा इथल्या कायद्यात बसतो, पण काय सांगितलं याचा पुरावा लागतो, आणि माझ्याकडे त्याचे फक्त तीन मोबाइल संदेश निघाले. त्यातल्या एकात "तुझी प्रोटोटाइप" हे दोन शब्द आहेत. माझ्या वकिलीण बाईंची सगळी भिस्त त्या दोन शब्दांवर आहे.

लेस्टरच्या त्या मुलासोबत मी गेलो. त्याची गाडी चांगली आहे की खोटी हे मला अजून सांगता येणार नाही, पण मी त्याला तिथेच, विकणाऱ्यासमोर, म्हणायला लावलं: "ही प्रोटोटाइप आहे असं पावतीवर लिहून सही द्या." विकणारा म्हणाला, विचार करून कळवतो. अजून कळवलेलं नाही.

खऱ्या एकुलत्या एका गाड्या असतात, आणि त्यांच्यावरचं माझं प्रेम कमी झालेलं नाही. पण त्यांचा माग सलग असतो. १९२९ आणि १९३० ची ल मान्स शर्यत जिंकलेल्या 'ओल्ड नंबर वन' बेंटलीवरून १९९० मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात मोठा खटला झाला. तिचे मूळचे भाग फारसे उरले नव्हते, तरी तिचं नाव न्यायालयाने मान्य केलं, कारण शर्यतीपासून न्यायालयापर्यंत ती गाडी अखंड चालत आली होती. माझ्या गाडीचा १९५३ ते २०२२ हा सगळा काळ एका माणसाच्या तोंडी होता. ज्याने ती वाचवली म्हणे, त्या कामगाराचं आडनावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

आता गाडी माझ्या गॅरेजमध्ये आहे. वेल्डिंगची रेघ दिसेल असे फोटो आणि पट्टीवरचा नंबर मी टीआर रजिस्टर क्लबच्या जाणकारांना पाठवले आहेत. पैसे कमी मिळतील, पण विकली तर आखूड दाराची १९५५ ची टीआर२ म्हणूनच विकीन. दारं कापून पुन्हा मूळच्या मापाची करायला दिली आहेत. ती खोटी पट्टी चारही रिव्हेट उडवून काढली आणि वकिलीण बाईंच्या कपाटात ठेवली आहे.