लघुप्रबंधासाठी जीव निवडताना: ट्रायकोमोनास, जिआर्डिया की झुरळातला निक्टोथेरस?

सातारा किंवा सांगलीच्या महाविद्यालयात एम.एस्सी.च्या लघुप्रबंधासाठी ऑक्सिजनविना जगणाऱ्या आदिजीवांतील (एकपेशीय सूक्ष्मजीवांतील) ऊर्जाअंगकांचा, म्हणजे पेशीतील ऊर्जेशी निगडित सूक्ष्म भागांचा, उगम हा विषय घ्यायचा ठरला, तर जीव कोणता निवडावा यावर पुढचे सगळे काम ठरते.

ट्रायकोमोनास या परजीवीविषयी वाचायला भरपूर आहे. लिंडमार्क आणि म्युलर यांनी १९७३ मध्ये हायड्रोजेनोसोम हे अंगक वर्णिले ते याच कुळातल्या, गुरांना होणाऱ्या परजीवीत. हे दुहेरी पटलाचे अंगक पायरुव्हेटपासून (साखरेच्या विघटनातून बनणाऱ्या रेणूपासून) एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जावाहक रसायन, तयार करते आणि हायड्रोजन बाहेर टाकते. मात्र त्यात स्वतःचा डीएनए नाही. त्यामुळे तंतुकणिकेशी (मायटोकॉन्ड्रियाशी, म्हणजे ऑक्सिजन वापरून एटीपी बनवणाऱ्या अंगकाशी) असलेले नाते केंद्रकातील जनुकांवरून आणि अंगकात जाणाऱ्या प्रथिनांवरूनच जुळवावे लागते.

आतड्यातील परजीवी जिआर्डियातील मायटोसोम, म्हणजे तंतुकणिकेचा अगदी आक्रसलेला अवशेष, २००३ मध्ये उजेडात आले आणि हा जीव तंतुकणिका येण्यापूर्वीच वेगळा झाला असावा, ही समजूत त्यामुळे मागे पडली. परंतु ते एटीपी मुळीच बनवत नाही, काही प्रथिनांना लागणारे लोह-गंधकाचे समूह तेवढे जुळवते; ज्याला ऊर्जेवरच लिहायचे आहे, त्याचा येथे हिरमोड होईल.

माझा कौल निक्टोथेरस ओव्हालिसला. झुरळाच्या पश्चांत्रात राहणाऱ्या या रोमधारी आदिजीवाच्या हायड्रोजेनोसोममध्ये तंतुकणिकेसारख्या घड्या आहेत, हायड्रोजन तर तयार होतोच, आणि १९९८ मध्ये त्यात डीएनए असल्याचेही दिसून आले. २००५ मधील अभ्यासाने त्या डीएनएवर तंतुकणिकेतील श्वसनसाखळीच्या (ऊर्जा मिळवून देणाऱ्या प्रथिनांच्या साखळीच्या) पहिल्या संकुलाची जनुके दाखवली. तंतुकणिका आणि हायड्रोजेनोसोम यांच्यामधला इतका बोलका दुवा दुसरीकडे मिळणे कठीण. त्याच्या पेशीत वस्तीला असलेले मिथेनजनक जीव हा हायड्रोजन वापरतात आणि प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली निळसर-हिरवे चमकतात, म्हणजे पहिली निरीक्षणे विशेष खर्चाशिवाय होतात. झुरळांचा तुटवडा तर आपल्या वसतिगृहांत कधी ऐकिवात नाही. फक्त कीटकनाशक फवारलेल्या जागेतली घेऊ नयेत आणि आतड्यातील द्रव हवेत उघडा ठेवू नये. जिआर्डिया किंवा ट्रायकोमोनास रुग्णाच्या नमुन्यातून मिळवायचा तर नैतिक समितीची परवानगी लागते, तीही येथे टळते.

म्हशीच्या पोटातील रोमधारी जीवांतही हायड्रोजेनोसोम असतात, पण तो द्रव मिळवण्यासाठी कत्तलखान्याची वाट धरावी लागते.

प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकच उपलब्ध नसेल, तर मात्र ट्रायकोमोनास व जिआर्डिया यांचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले जनुकसंच घेऊन दोन्ही अंगकांतील लोह-गंधक यंत्रणेच्या प्रथिनांची संगणकावर तुलना करावी. त्या कामात मायटोसोमचे एटीपी न बनवणे आड येत नाही.