हेडलाइटचे दोन बल्ब बदलले आणि 27,990 रुपये गेले

"दोन बल्बांसाठी काय रडतोस ओ" असं ऐकून झालंय, म्हणून आधी हिशोब सांगतो. एलईडी बल्बांची जोडी 4,200, बसवायचे 300, "डीकोडर" 1,800, "कोडिंग" 3,500. एवढे दुकानदाराने खाल्ले. त्यानं घातलेला गोंधळ निस्तरायला डाव्या बाजूचा आख्खा हेडलाइट 14,600, वायरिंग 2,750 आणि परत साध्या हॅलोजनची जोडी 840.

हौस म्हणून बल्ब बदलले नव्हते. पावसाळ्यात रात्री जांबोटीहून चोर्ल्याकडे गाडी घातलेल्या कुणालाही विचारा, जुन्या हॅलोजनने काय दिसतं ते. (धुक्यात या पांढऱ्या उजेडाने आणखीच कमी दिसतं, हे मात्र कुठला दुकानदार सांगत नाही.)

मी बेळगावचा. दुकान हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, शिनोळीच्या बाजूला. नाव घालत नाही, वकिलांनी नको म्हटलंय. खोक्यावर मोठ्या अक्षरांत "कॅनबस, एरर फ्री", म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी जुळणारे, एरर न दाखवणारे. असलं काहीही कुणीही छापतो, त्यावर जाऊ नका. घरी पोचायच्या आत डॅशबोर्डवर पिवळा दिवा आणि मेसेज: डाव्या लो बीमचा बल्ब तपासा. बल्ब तर लख्ख पेटलेला! कारण साधं आहे. हॅलोजन 55 वॅटचा, साडेचार अँपिअर ओढतो. एलईडी त्याच्या निम्माही ओढत नाही. दिवे तपासणाऱ्या गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं, बल्ब गेला.

परत गेलो तर "मालक, कोडिंग करायला लागतंय." आता काही गाड्यांत कोडिंगने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, ही तपासणी खरंच बंद करता येते, म्हणूनच तर माणूस फसतो. त्यानं स्टिअरिंगखाली निळा डोंगल, म्हणजे मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर, खुपसला, मोबाइलवर दोनदा बोट लावलं आणि मेसेज गेला. हेडलाइट बंद होते. भर दुपारी, हेडलाइट बंद ठेवून त्यानं मला हेडलाइटचा एरर गेल्याचं दाखवलं! मी शेजारीच उभा, हातात त्यानेच मागवलेला चहा. "जरा लाइट लावून दाखवा" एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं. फॉल्ट नुसता पुसला होता, काढला नव्हता. पण स्कॅनर घेऊन बसलेल्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर? मी काय मेकॅनिक आहे? संध्याकाळी लाइट लावले आणि मेसेज परत हजर.

मग "डीकोडर". तो काय होता हे उद्यमबागेतल्या इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडल्यावर कळलं: सोनेरी अॅल्युमिनियमचा ठोकळा, 50 वॅट 6 ओहमचा रेझिस्टर. जास्तीचा करंट ओढून हॅलोजनच आहे असं गाडीला भासवायचं, एवढंच त्याचं काम. गाडी चालू असताना लाइट लावले की हा तीस वॅटच्या वर नुसती उष्णता काढतो, म्हणजे एलईडीने वाचवलेली वीज हा जाळून टाकतो. पत्र्यावर स्क्रूने आवळून बसवायची वस्तू. आमच्या दुकानदार दादांनी ती हेडलाइटच्या मागच्या प्लास्टिकला टायने बांधली होती. टाय वितळून त्याचा काळा थेंब झालेला, शेजारच्या वायरचं इन्सुलेशन सोललेलं, हेडलाइटला मागून भोक. गाडी पेटली नाही एवढंच. मूळ वायर कापून कुणी जोड मारत असेल तर तिथंच हात धरा.

दुकानदाराचं उत्तर: "पावसाचं पाणी गेलं असणार."

पोलीस ठाण्यात गेलो. अर्ज कन्नडात पाहिजे. कन्नडात लिहून नेला. मग हे महाराष्ट्रात येतं, तिकडे जा. तिकडे गेलो तर तुम्ही कर्नाटकातले, तिकडेच द्या, शिवाय हा दिवाणी मामला. 1956 पासून आमच्यावर हक्क सांगायला दोन्ही सरकारं पुढं, अर्ज घ्यायच्या वेळेला मात्र आम्ही कुणाचेच नाही. त्यावर कळस म्हणजे इकडच्या हवालदारसाहेबांनी हसत विचारलं, "बाहेरचे एलईडी घातलेले काय ओ? मग केस तुमच्यावरच होते की, पाचशे रुपये." कर्नाटकात 2024 पासून डोळे दिपवणाऱ्या दिव्यांवर दंड लावतात, ते बरोबरच आहे. पण विकणाऱ्याला कोण विचारणार? त्याची दुकानं रस्त्यावर उघडी, पाटीवर दिवसाही एलईडी चमकतात. ज्याचे पैसे गेले त्यालाच पकडायचं, हा कुठला न्याय?

हद्दीचं हे रडगाणं ग्राहक आयोगात चालत नाही, हे मला कुठल्याच टेबलावर कुणी सांगितलं नाही. 2019 च्या ग्राहक कायद्याच्या कलम 34 प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार घालता येते, दुकान कुठल्याही राज्यात असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. मला बिल म्हणून व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर आकडे लिहून दिलेत, आणि कोडिंगचे 3,500 रोख घेतले, त्याचा पुरावा शून्य. बाकीचे यूपीआयने गेले, तेही दुकानदाराच्या मेहुण्याच्या नावावर. रोख मागितले की समजा.

तक्रार घातली आहे. त्या बाजूला कुणी बल्ब घातले असतील तर आज बॉनेट उघडा, सोनेरी ठोकळा प्लास्टिकला बांधलेला दिसला तर फोटो काढा आणि मगच तो काढा. पेमेंटचे मेसेज पुसू नका, मला कळवा. आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते.