"घाटासाठी स्पेशल" सांगून गळ्यात मारलेले एटी टायर, पिकअपवाल्यांनो बघून घ्या

कणकवली-कुडाळ-देवगड पट्ट्यात कोणी पिकअपला एटी (ऑल टेरेन, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) टायर टाकायच्या विचारात असेल तर हे वाचा, कारण हायवेला "इम्पोर्टेड स्टॉक" वाले आता बरेच दिसायला लागलेत आणि चिरे नायतर आंबा वाहणारे आपल्यासारखे लोक हेच त्यांचं गिऱ्हाईक.

आमची गाडी सीझनला हापूस घेऊन फोंडा घाट चढते आणि बाकी बराच वेळ चिरेखाणीच्या रस्त्याला. लाल चिखलात साधा टायर जागच्या जागी फिरतो आणि जांभ्याची धार टायरची बाजू कापते, त्यामुळे एटी हवेच होते. दुकानात टायर बघितले तर काळेकुळकुळीत, नक्षी एकदम खोल. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात ते नव्हते, विचारलं तर म्हणे "दादा, कंटेनरमधून येताना घासून जातात". बाजूला डोंगर आणि त्यात चांदणीसारखं काहीतरी होतं, त्यावर बोट ठेवून म्हणाला "हे बघा डोंगराचं चिन्ह, घाटासाठी स्पेशल". अरे ते बर्फाचं चिन्ह आहे बाबा! बर्फावर टायर पकड घेतो एवढाच त्याचा अर्थ, फोंडा घाटात बर्फ कधी पडला? आणि बिलाचं काढलं की "बिल घेतलंत तर २८ टक्के जीएसटी बसेल". तो २२ सप्टेंबर २०२५ पासूनच १८ वर आलेला, हे मला नंतर कळलं, तोवर चार टायर घेऊन बसलो होतो.

थोड्याच दिवसांत खाणीच्या चढावर मागच्या टायरचा एक ठोकळा उडाला आणि खाली तारा दिसायला लागल्या. पंक्चरवाल्या मामांनी मोबाईलचा टॉर्च मारून खाचेत बघितलं आणि म्हणाले, "नवो खंयचो रे, कटिंग मारलेलो टायर हा ह्यो." मग त्यांनी दाखवलं ते सांगतो. टायरच्या खांद्याजवळ टीडब्ल्यूआय असं लिहिलेलं असतं, नायतर छोटा त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाला रबराचा छोटा उंचवटा असतो. तो १.६ मिलिमीटरचा, नक्षी झिजून त्याला टेकली की टायर संपला. आमच्या टायरला तो उंचवटाच मधोमध कापलेला होता! म्हणजे गोटा झालेल्या टायरवर गरम पात्याने नवीन खाचा मारलेल्या आणि वरून पॉलिश. टायर रिमवरून उतरवला तर आतून जुना पॅच पण निघाला. टायर बनल्याच्या तारखेचे चार आकडे मुद्दाम आतल्या बाजूला ठेवून बसवलेले, २३१९, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ही तारीख बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असते, तेव्हा बसवायच्या आधी दोन्ही बाजू फिरवून बघा.

पण मला खरा राग आला तो लोडच्या आकड्याचा, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याच्या कोडचा. गाडीच्या जुन्या टायरवर ११२/११० होतं, पहिला आकडा सिंगल चाकाचा, म्हणजे एका टायरवर ११२० किलो. ह्यांनी दिलेल्यावर १०४, म्हणजे ९०० किलो. मागच्या दोन टायरवर मिळून ४४० किलोचा फरक, आणि हे भरलेल्या गाडीनिशी घाट उतरताना! नक्षी कितीही राकट असो, तो टायर माणसं बसवायच्या एसयूव्हीचा होता. पिकअपला साईजबरोबर एलटी (लाईट ट्रक) नायतर सी (कमर्शियल) लिहिलेला आणि लोडचा आकडा कंपनीच्या टायरएवढा किंवा जास्त असलेलाच घ्या. आयएसआयचा शिक्का पण बघा, बाहेरून आलेल्या टायरलाही तो लागतो, कमर्शियल गाडीच्या टायरला आयएस १५६३६.

दुकानदाराकडे गेलो तर आधी "ओव्हरलोड केलात" म्हणून आमच्यावरच उलटला. यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि कापलेल्या उंचवट्याचे फोटो पुढे केले, १९१५ ला (ग्राहक हेल्पलाईन) तक्रार टाकतो म्हटलं, तेव्हा दोन टायरचे पैसे परत केलेन, बाकी दोनचे अजून "बघूया" चालू आहे. नाही दिले तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखापर्यंतच्या मालाला तिथे फी पण लागत नाही. कोणाचं असं काही झालं असेल तर टायर फेकू नका नि दुकानात परत ठेवून पण येऊ नका, तोच पुरावा, आमचे गोठ्यात ठेवलेत.