जळगावातलं हायपरबॅरिक ऑक्सिजन: रुग्णालयातलं चेंबर आणि जिममधली पिशवी

जळगावात ‘हायपरबॅरिक’, म्हणजे वाढवलेल्या दाबाखाली ऑक्सिजन, या एकाच पाटीखाली दोन वेगळ्या सेवा मिळतात. एक म्हणजे एका खासगी रुग्णालयातलं जाड अ‍ॅक्रिलिकचं, एका रुग्णापुरतं चेंबर. दुसरी म्हणजे जिमला लागून असलेल्या रिकव्हरी सेंटरमधली, चेन लावून फुगवायची पिशवी. पहिलीला पाचपैकी साडेतीन गुण, दुसरीला एक. तो एकही आत झोप छान लागते म्हणून.

सगळा फरक दाबाचा आहे. रुग्णालयातल्या चेंबरच्या मीटरवर २० पीएसआय (दर चौरस इंचावर वीस पौंड दाब) दिसतं. त्यात बाहेरच्या हवेचे १४.७ मिळवले की सुमारे ३५, म्हणजे २.४ एटीए (समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या २.४ पट) होतात, आणि आत शंभर टक्के ऑक्सिजन असतो. पिशवीचा मीटर ४ पीएसआयवर थांबतो, म्हणजे १.३ एटीए, आणि आत साधी हवा. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन १.३ ने गुणला की समुद्रसपाटीवर २७ टक्के ऑक्सिजन घेतल्यासारखं होतं. चोपडा किंवा शिरपूरच्या सरकारी दवाखान्यात मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजनवर लावलेला, खाली छोटी पिशवी असलेला मास्क याहून कितीतरी जास्त देतो. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरची नळी पिशवीत सोडली तर आकडा वाढतो, पण रुग्णालयातल्या चेंबरच्या जवळपासही जात नाही. माहितीपत्रकात मात्र दोन्हीकडे तेच पेशींचे चित्र आणि तेच फायदे छापलेले आहेत.

दाब का लागतो? साध्या हवेत १०० मिली रक्तात जेमतेम ०.३ मिली ऑक्सिजन विरघळलेला असतो, बाकी सगळा हिमोग्लोबिनवर बसून जातो. ३ एटीएला शुद्ध ऑक्सिजन दिला की विरघळलेला भाग ६ मिलीच्या घरात जातो आणि विश्रांतीत शरीराची गरज साधारण तेवढीच असते. अ‍ॅमस्टरडॅमचे शल्यविशारद बुरेमा यांनी १९६० साली डुकरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. हिमोग्लोबिन जवळजवळ काढून टाकलेली ती जनावरं चेंबरमध्ये जगली होती. १.३ एटीएच्या साध्या हवेत यातलं काही घडत नाही.

आता तातडीच्या उपचारांबद्दल. धुळ्यात पारा उतरला की बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटते, खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर चालतो. विहिरीत खाली उतरवून चालवलेलं डिझेल इंजिन हाही तोच धोका. या सगळ्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. त्याला ऑक्सिजन बसलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिन सारखंच दिसतं, म्हणून रुग्ण गुंगीत असताना पडद्यावर ९८ येतं. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, मळमळ सुटली, तर त्या आकड्यावर विसंबू नये. हे दोन्ही वेगळे मोजणारी को-ऑक्सिमेट्री असलेल्या ब्लड गॅस मशीनवर कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड बसलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण, मागावं.

हा वायू रक्तातून अर्धा व्हायला साध्या हवेत चार ते सहा तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनच्या मास्कवर सव्वा ते दीड तास, चेंबरमध्ये वीस-पंचवीस मिनिटं. त्यामुळे तळोद्याहून किंवा धडगावहून रुग्ण जळगावला पोचेपर्यंत रक्त बरंचसं मास्कनेच साफ झालेलं असतं. तो मास्क रुग्णवाहिकेत लागला नाही, तर पुढे चेंबर असून नसल्यासारखं. चेंबरचा दावा वेगळा आहे: काही आठवड्यांनी होणारा विसराळूपणा, एकाग्रता जाणं टाळण्याचा. अमेरिकेतल्या २००२ च्या अभ्यासात २४ तासांत तीन सत्रं दिलेल्यांपैकी २५ टक्क्यांना आणि न दिलेल्यांपैकी ४६ टक्क्यांना सहा आठवड्यांनी असा त्रास दिसला. त्याआधी १९९९ च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात मात्र फायदा आढळला नव्हता. म्हणून बेशुद्ध पडलेला रुग्ण, गरोदर बाई, छातीत दुखणारा किंवा ईसीजी बदललेला माणूस, यांच्यासाठी चेंबरला फोन करावा. नुसतं डोकं दुखणाऱ्याला मास्कवर ठेवणं पुरतं.

आणि इथेच जळगावच्या चेंबरचा एक गुण कापला. रात्री ऑपरेटर ड्युटीवर नसतो, घरून बोलवावा लागतो. शेगडीचे रुग्ण पहाटे येतात. तातडीची सेवा म्हणून जाहिरात करायची तर माणूस चोवीस तास हवा.

चिरडलेल्या हातापायांसाठी सेवा चांगली. महामार्गावरचे ट्रकचे अपघात, मळणीयंत्रात गेलेला हात, अशा जखमांत सूज वाढून रक्तपुरवठा तुटतो. दाबाखालचा ऑक्सिजन रक्तवाहिन्या थोड्या आकुंचित करून सूज कमी करतो आणि तरीही पेशींना ऑक्सिजन जास्तच पोचतो. फ्रान्समधल्या १९९६ च्या ३६ रुग्णांच्या अभ्यासात २.५ एटीएला ९० मिनिटं, दिवसातून दोनदा, सहा दिवस दिलं. चेंबरच्या गटात १८ पैकी १७ जखमा पूर्ण भरल्या, दुसऱ्या गटात १० भरल्या. अभ्यास छोटा, पण दिशा स्पष्ट. गॅस गँगरीनमध्ये (जखमेतला स्नायू झपाट्याने सडवणारा जंतुसंसर्ग) पहिल्या २४ तासांत तीन सत्रं देतात, मात्र आधी शस्त्रक्रियेने सडलेला भाग काढणं आणि अँटिबायोटिक. चेंबरसाठी ऑपरेशन थांबवणारा डॉक्टर दिसला तर दुसरीकडे जावं.

मधुमेही पाय हे इथलं रोजचं काम. अनवाणी शेतात फिरणं, काटा रुतलेला न कळणं, मग घरगुती पट्टी. ३० ते ४० सत्रं, आठवड्यातून पाच दिवस. स्वीडनमधल्या २०१० च्या अभ्यासात वर्षअखेर ५२ टक्के विरुद्ध २९ टक्के जखमा भरल्या, नेदरलँड्समधल्या २०१८ च्या अभ्यासात ठोस फरक दिसला नाही. त्यामुळे चाळीस सत्रांचे पैसे आधी भरू नयेत. प्रथम डॉपलर (पायातला रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी), साखरेवर ताबा, जखमेची सफाई आणि पायावरचा भार काढणारी चप्पल किंवा प्लास्टर. महिनाभर हे नीट करूनही खोल जखम हटत नसेल तर चेंबर. या रुग्णालयाने डॉपलरशिवाय कुणाला आत घेतलं नाही, ही मोठी जमेची बाजू. त्वचेतला ऑक्सिजन मोजायचं यंत्र मात्र नाही, त्यामुळे कुणाला उपयोग होणार याचा अंदाज आधी येत नाही.

सत्र दोन तासांचं धरा. दाब चढायला दहा ते वीस मिनिटं, पूर्ण दाबावर ९०, उतरायला पुन्हा दहा-पंधरा. चढताना कान दडपतात: नाक दाबून हलका फुंकर, जांभई किंवा घोट घोट पाणी. दुखायला लागल्यावर सहन करत बसू नये, लगेच हात करावा. ऑपरेटर दाब थांबवून थोडा खाली आणतो. सर्दी असेल तर त्या दिवशी नकोच. मध्ये पाच-पाच मिनिटं मास्कने साधी हवा देतात, झटका येण्याचा धोका कमी करायला. साखर चेंबरमध्ये उतरते, म्हणून इन्सुलिनवाल्याने उपाशीपोटी जाऊ नये आणि आत जाण्याआधी ग्लुकोमीटरचा आकडा लिहून घेतला जातो की नाही ते पाहावं. वीस-तीस सत्रांनंतर लांबचं अंधुक दिसू लागतं. ते काही आठवड्यांत पूर्ववत होतं, मधल्या काळात नवा चष्मा करू नये.

छातीचा एक्स-रे आधीच हवा. फुप्फुसाबाहेर साचलेली हवा दाब उतरताना फुगते आणि जीव घेऊ शकते. श्वासनळीत ट्यूब असेल तर तिच्या फुग्यात हवेऐवजी सलाइन भरतात, कारण हवा दाबाने आकसते आणि ट्यूबभोवती गळती होते. हे विचारल्यावर ऑपरेटरने क्षणभरही न थांबता उत्तर दिलं, त्याचा अर्धा गुण.

आगीबद्दल हे रुग्णालय कडक आहे आणि असायलाच हवं. शंभर टक्के ऑक्सिजनमध्ये ठिणगी पुरते. मिलानमध्ये १९९७ साली चेंबरच्या आगीत अकरा जण गेले. अमेरिकेत मिशिगनमध्ये जानेवारी २०२५ मध्ये पाच वर्षांचा मुलगा गेला. म्हणून रुग्णालयाचे सुती कपडेच घालायचे, मनगटाला अर्थिंगचा पट्टा. नायलॉनची साडी, केसांना खोबरेल, छातीला बाम, मोबाइल, श्रवणयंत्र, खिशातली काडेपेटी काहीच चालत नाही. डोक्याला तेल लावून आलेल्या आजीबाईंना परत पाठवतात, त्यांनी रागावू नये. विडी ओढणाऱ्यांनी सत्रांच्या काळात तरी सोडावी, निकोटिन जखमेला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्याच आवळतं.

राहिली जिममधली पिशवी. गिऱ्हाईक म्हणजे कुस्तीगीर, कबड्डीवाले आणि पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणारी पोरं. दहा सत्रांचं पॅकेज, ‘दुप्पट वेगाने रिकव्हरी’. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी येणाऱ्या अंगदुखीवर तर खऱ्या चेंबरचाही उपयोग सिद्ध झालेला नाही. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २००५ च्या आढाव्यात उलट मधल्या दिवसांत दुखणं थोडं वाढल्याची चिन्हं दिसली. मुरगळलेल्या घोट्यातही ठोस फायदा दिसलेला नाही. डोपिंगच्या नियमात ऑक्सिजन हुंगायला बंदी नाही, ‘वाडा-मान्य’ (वाडा म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्था) या पाटीचा अर्थ एवढाच. १.३ एटीएच्या पिशव्यांना अमेरिकेत परवानगी आहे ती उंच डोंगरावर होणाऱ्या त्रासासाठी. तोरणमाळची उंचीही त्यासाठी पुरत नाही.

त्या पॅकेजच्या पैशात भरतीच्या पोराचे बरेच महिने दूध, अंडी आणि चांगले बूट येतात. सेंटरला जायचंच असेल तर तीन प्रश्न विचारा: मीटरवर किती पीएसआय, डॉक्टर इमारतीत आहे का, आणि आतला माणूस चेन स्वतः उघडू शकतो का. जळगावच्या रिकव्हरी सेंटरमध्ये तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, दुसऱ्याचं ‘फोनवर उपलब्ध’.