दोरीची जपमाळ: खाऱ्या हवेत आठ महिने

ही माळ मी गेल्या ऑगस्टमध्ये घेतली, मासेमारीची बंदी उठून होड्या पुन्हा बाहेर पडल्या त्या आठवड्यात. किंमत ८० रुपये. वसईत आमच्या चर्चच्या वाटेवर मेणबत्त्या, पुतळे, पहिल्या कम्युनियनचे पांढरे कपडे विकणारं जुनं दुकान आहे, तिथून. माळ चांगली आहे, डोळे मिटून घ्या. पण मी त्या दुकानात कशी पोचले तेही सांगायला हवं.

त्याआधीचा हंगाम आम्हाला फार वाईट गेला. डोल लावावी तर जाळ्यात बोंबलांपेक्षा प्लॅस्टिक जास्त. इंजिन दोनदा बिघडलं. लोक बोलू लागले, कुणीतरी केलंय तुमच्यावर. मीही वाहवत गेले. मला तर नावसुद्धा दिसत होतं: माझ्या जाऊबाईंचं. घराच्या वाटणीवरून आमचं बोलणं बंद होतं.

त्या भीतीपोटी फोनवर जाहिरात बघून एक माळ मागवली, संत बेनेडिक्टचं पदक असलेली. ‘करणी, नजर, भूतबाधा, सगळ्यांपासून शंभर टक्के संरक्षण.’ ६५० रुपये. पदक काही खोटं नव्हतं. त्यावरची अक्षरं खरोखरच सैतानाला ‘मागे हट’ म्हणणाऱ्या लॅटिन प्रार्थनेची आद्याक्षरं आहेत. पण साखळी आमच्या हवेत दोन महिन्यांत गंजली, मानेला तांबूस डाग पडू लागले. एका रात्री कूस बदलताना ती गळ्यातच तुटली आणि मणी खाटेखाली पळाले. मी बॅटरी घेऊन जमिनीवर बसून मणी शोधत होते आणि छातीत धडधड, की आता आपलं राखण तुटलं.

दुसऱ्या दिवशी मणी रुमालात बांधून चर्चच्या वाटेवरच्या त्या दुकानात नेले. दुकानदार काकांनी रुमाल उघडला, साखळी चिमटीत धरून बघितली आणि विचारलं, “ह्या माळेवर प्रार्थना म्हणतं कोण?”

मी म्हटलं, “गळ्यात असते. दिवसा दारावर टांगते.”

“माळ म्हणायची असते, बाय. टांगून काय होणार?” रागावून नाही म्हणाले. तुटलेली माळ दुरुस्त करायचे ते ३० रुपये घेतात, पण माझे घेतले नाहीत. साखळी पुन्हा गंजणार, पैसे कशाला घालवतेस, म्हणाले. आणि खणातून दोरीची माळ काढली. गिऱ्हाइकाच्या भीतीवर धंदा न करणारा दुकानदार मला त्या दिवशी भेटला, म्हणून हे सगळं लिहितेय.

आता माळ. नायलॉनची पांढरी दोरी, जाळ्याच्या दोऱ्यापेक्षा जाड. मणी नाहीतच. प्रत्येक मण्याच्या जागी गाठ, दोरीचे तीन वेढे घेऊन आवळलेली. ५९ गाठी मी मोजल्या: ५३ लहान, ‘नमो मरिया’ प्रार्थनेच्या, आणि ६ मोठ्या, ‘आमच्या बापा’ प्रार्थनेच्या. मी जाळी विणणाऱ्या घरातली, गाठीवरून विणणाऱ्याचा हात कळतो मला. आठ महिन्यांत एकही गाठ सरकलेली नाही. आणि ही माळ धुता येते! दुपारी तीनला मी बोंबील वाळत घालत असते, हात चिकट, वास मारणारे. तशाच हातांनी माळ धरते. रात्री भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळत टाकते, सकाळी कोरडी.

तीनची वेळ का, तर प्रभूने क्रुसावर प्राण सोडला ती ही वेळ. काकांनी माळेबरोबर दैवी दयेच्या प्रार्थनेचं मराठी पत्रक फुकट दिलं. ही प्रार्थना पोलंडच्या संत फॉस्टिनांना १९३५ साली मिळाली. जगाला शिक्षा करायला निघालेला देवदूत त्यांना दिसला, आणि आतून ऐकू आलेले शब्द त्या म्हणू लागल्या तशी त्याची शक्ती गळाली. २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संत घोषित केलं. माळ साधीच लागते. मोठ्या गाठीवर पित्याला येशूचं शरीर आणि रक्त अर्पण करायचं, लहान गाठीवर येशूच्या दुःखसहनाखातर ‘आमच्यावर आणि साऱ्या जगावर दया कर’ म्हणायचं. दहा-दहा लहान गाठींचे पाच भाग, म्हणजे पन्नास वेळा.

पहिले काही दिवस मी ते घाईने म्हणून टाकलं. मग एका दुपारी ‘साऱ्या जगावर’ म्हणताना जीभ अडली. साऱ्या जगात जाऊबाई येतात. त्यांना वगळून ते वाक्य म्हणताच येत नाही. मी रडले तिथेच, बोंबलांच्या काठ्यांखाली. वाईट माझ्या घरात शिरलं होतं हे खरं, पण ते कुणी बाहेरून पाठवलेलं नव्हतं. नाताळाच्या आधी मी करंज्या घेऊन त्यांच्या दारात गेले. इंजिन त्यानंतरही एकदा बिघडलंच. पण कुणी केलंय हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

आता उणीवा. पांढरी दोरी पिवळी पडते. क्रूस प्लॅस्टिकचा आहे, माझ्याचा एक हात तुटला. काकांनी बदलून दिला, पैसे नाही घेतले. पत्रकाची अक्षरं फारच बारीक, आमच्या सासूबाईंना वाचता येत नाहीत. दुकान दुपारी एक ते साडेचार बंद असतं आणि पैसे रोखच लागतात. माळेला आशीर्वाद दुकानात मिळत नाही, तो रविवारी मिस्सा झाल्यावर फादरांकडून घ्यायचा.

आमच्या ह्यांची बोटं वल्ह्याने आणि दोरांनी राठ झालेली, त्यांना लहान-मोठी गाठ अंधारात कळेना. काकांना सांगितलं तर त्यांनी निळ्या दोरीची करवून दिली, आमच्या बापाची गाठ दुप्पट जाड, ९० रुपयांत. ती होडीवर असते. जाऊबाईंना मात्र लाकडी मण्यांचीच हवी आहे. ती तिथे १२० ला मिळते, पण ओवलेली सुती दोऱ्यात आहे. पावसाळ्यात टिकेल असं मला वाटत नाही, तसं त्यांना सांगितलंय.